पांढऱ्या काठाचा फोटो

आये, तुझा एकुलता एक फोटो मीच जाळला, हे तुला ठाऊक आहेच. आटपाडीच्या जत्रेत तान्ह्या भावाला मांडीवर घेऊन तू बसलेली, आणि कॅमेऱ्यातून कागद तिथल्या तिथं बाहेर आला. कोराच. "थांब पोरी, हळूहळू उमटंल," फोटोवाला म्हणाला. मला कुठला दम? लवकर यावा म्हणून भजीवाल्याच्या शेगडीवर धरला. तुझं तोंड उमटता उमटता त्याला फोड आले. "भवाने, ह्यो मोठा झाल्यावर ह्याला काय दावू गं?" तू खेकसलीस. पुढच्या जत्रेला दुसरा काढू म्हणालीस. पुढची जत्रा तुला दिसलीच नाही.

आता भावानं लोणंदला घर बांधलंय. वास्तुशांतीआधी त्याचा फोन, "आक्के, आपल्या वडलांचा फोटो लावला. आईचा कुठंच न्हाई का गं?" माझ्या तोंडातून गेलं, "हाय की." झालं. माझी लेक सांगलीत लग्नाचे फोटो कॉम्प्युटरवर नीट करते. नऊवारी नेसून, कपाळभर कुंकू लावून तिच्यापुढं बसले. मांडी मोकळीच ठेवली, तेवढं खोटं जमेना. "मला अठ्ठावीस वर्षांची कर, आई तवा होती तेवढी. आणि फोटो तवाचा दिसू दे." तिनं सुरकुत्या पुसल्या, लाल रंग विटवला, काळ्यात हिरवट झाक आणली, खाली रुंद पांढरा काठ ठेवला. "अजून नवाच दिसतोय. ओरखडे टाकू?"

"टाक की, इचारतीस काय!"

"मामाला खरं सांगणार हायस ना?"

"तू तुझं काम कर."

वास्तुशांतीला भावाच्या हातात फोटो दिला. चाळिशी उलटलेला बाप्या, तो डोळ्यांना लावून लेकरागत रडला. "आक्के, आई डिट्टो तुझ्यागत दिसायची गं!" त्याची बायको म्हणाली, "मग, लेक कुणाची?" आणि तिनं फोटोला हार घातला. माझ्याच गळ्यात. आता जाईन तेव्हा तो मला त्या भिंतीपुढं उभी करतो, "पाया पड आईच्या." मी पडते. मान वर करून बघायचं धाडस होत नाही.

हे त्याला वाचून दाखवायचं म्हणून लिहायला बसले होते. नाही दाखवणार. पिठाच्या डब्याखाली ठेवते. आधी डोळे मिटले की तू यायचीस, माझ्यावर खेकसत. आता हार घातलेली ती बाई येते, गप्प बसून बघते. खरं सांगू आये, तुझं तोंड मला आता आठवत नाही.