वाघीण एक रात्र उभी ठेवणेबाबत

प्रति,
मे. ट्रॅफिक इन्स्पेक्टर साहेब,
कृष्णातीर लाइट रेल्वे,
सदर कचेरी, सांगली.

विषय : पेवाची वाडी ठेसनावरील सायडिंगचे रूळ न काढणे व मालाची वाघीण (वॅगन) तेथे एक रात्र उभी ठेवणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र, ता. १२ मे १९४१.

महोदय,

अर्जदार आकाराम बाळा यादव, धंदा शेती, सादर करतो की आपले पत्र पोचले. पलटणीत नोकरी झाल्याने हुकमाची भाषा मला कळते. या ठेसनावरून माल जात नाही, मागवलेली वाघीण रिकामी परत गेली, सबब सायडिंगचे रूळ मृगाआधी काढून नेले जातील, असे आपण लिहिता. वाघीण रिकामी का गेली हे आपल्या पत्रात नाही. ते मी लिहितो.

१. आमची ज्वारी पेवात असते. साहेबांनी पेव पाहिले नसेल. नदीकाठच्या घट्ट मातीत खणलेले, आत रांजणासारखे फुगलेले आणि वर माणूस जेमतेम उतरेल एवढ्या तोंडाचे ते कोठार असते. तोंड उघडले की एक रात्र तसेच ठेवावे लागते, कारण आत कोंडलेली हवा माणूस मारते. सकाळी पेटता कंदील दोराने खाली सोडायचा. तळाशी तो पेटता राहिला तरच माणूस उतरतो.

२. ही ज्वारी माणदेशात बिराप्पा धनगराच्या वस्तीला जायची होती. त्याची मेंढरे दर हिवाळ्यात आमच्या रानात बसतात. त्यांच्या खतावर आमचे रान पिकते आणि उन्हाळ्यात त्याची वस्ती आमची ज्वारी खाते. गेल्या साली तिकडे पाऊस झाला नाही. वाटेत चारापाणी नसल्याने बैलगाड्या जाऊ शकत नाहीत. तेव्हा आपली गाडी हाच मार्ग.

३. वाघीण मागितली तर उत्तर आले, आधी माल फलाटावर आणा. आणला तर सांगितले, फलाटावर छप्पर नाही, रात्री माल ठेवता येणार नाही, परत न्या. वाघीण कधी येणार ते आदल्या दिवशी कळवा म्हटले, तर लढाईचे दिवस आहेत, आगाऊ सांगता येत नाही. तरी आपल्या भरवशावर फाल्गुनात एक पेव उघडले. वाघीण आली नाही. एकदा उघडलेल्या पेवातली ज्वारी टिकत नाही; ती ओल धरून कुजली, गुरांनीही तोंडात घेतली नाही. आणि आता आपण विचारता की पेव आदल्या दिवशी का उघडले नाही! हे विचारताना आपल्या कचेरीला काहीच कसे वाटले नाही?

४. ता. ५ रोजी सकाळी वाघीण आली. ठेसनमास्तरांचा निरोप आला की दुपारच्या मालगाडीला जोडून ती परत जाईल, भरायची तर आताच भरा. आम्ही पेव उघडले. मी कंदिलात तेल घालीत होतो. माझा धाकटा भाऊ गुंडा म्हणाला, "दादा, आता कंदील कशाला? त्यो इजला तर वाघीण हातची जाईल. बिराप्पाची पोरं काय माती खातील व्हय? उतरतो मी." मी नको म्हणेपर्यंत तो उतरला. पहिली पाटी वर आली. दुसरी आली नाही.

५. ओढून काढला तेव्हा त्याचा श्वास चालू होता. बाजेवर घालून त्याला ठेसनावर नेले. आपली वाघीण रिकामीच उभी होती. तिच्यातून जंक्शनच्या दवाखान्यात न्या म्हणून त्याची बायको बनुबाई हिने पदर पसरला. "आवं सायेब, ज्वारीच्या पोत्यागत टाका, पर न्या," असे ती म्हणाली. तिला सांगण्यात आले की मालाच्या वाघिणीतून माणूस नेण्याचा नियम नाही. रिकामी वाघीण आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली. गुंडा बैलगाडीत, अर्ध्या वाटेवर गेला. आणि आपल्या पत्रात लिहिले आहे, "माल निरंक".

साहेब, मला संताप आला आहे, आणि तो अर्जात लिहू नये असा नियम असल्यास मी तो मोडतो.

मागणे एवढेच. रूळ काढू नयेत आणि वाघीण सायडिंगला एक रात्र उभी ठेवावी. एका रात्रीत तिची झीज होत नाही. मृगाचा पाऊस लागला की पेव उघडता येत नाही, म्हणून हुकूम त्याआधी व्हावा. गावातले लोक म्हणाले, आता ज्वारी राहू द्या. बनुबाई म्हणाली, "ज्वारी बिराप्पाच्या माळाला गेलीच पायजे. न्हाईतर धनी कशापायी गेलं?" तिला उत्तर द्यायची माझी छाती नाही. ते आपण द्यावे, नाहीतर वाघीण द्यावी.

नम्र म्हणवून घेण्याची रीत आहे, ती पाळतो,
आकाराम बाळा यादव,
निवृत्त हवालदार,
मु. पेवाची वाडी. ता. १९ मे १९४१.

सोबत :
१) आपल्या पत्राची नक्कल.
२) कंदील, एक. त्या दिवशी तेल घातलेला, न पेटवलेला. हुकूम लिहीपर्यंत टेबलावर ठेवावा आणि वाघिणीबरोबर परत धाडावा. आणखी एक पेव उघडायचे आहे.