हवालदाराचा ग्लासभर दुधाचा हट्ट

कूव्हे, रविवार

प्रिय आई,

इकडे सगळे मजेत आहोत, बाळाचा खोकलाही गेला. आजोबांना ॲब्सिंथच्या दारूनं वेड लागलं, म्हणून तू घाबरतेस. सासूबाई म्हणतात, "वेड त्यातल्या दवण्यानं नाही लागत, भेसळीनं आणि रोज बाटलीभर ढोसल्यानं लागतं." घरच्या चोरट्या भट्टीतून येणारी पहिली विषारी धार त्या सरळ मोरीत ओततात. ॲब्सिंथवरच्या बंदीला पन्नास वर्षं झाली, तरी त्यांचा हात अजून तितकाच नेमका आहे.

आज दुपारी हवालदार मोरेल अचानक दारात. घरभर भट्टीतल्या बडीशेपेचा वास. तो खुर्चीत टेकून म्हणाला, "काकू, ग्लासभर दूध मिळेल?"

सासूबाईंनी ग्लासच्या तळाशी ॲब्सिंथ घेतली, वरून झऱ्याचं गार पाणी थेंब थेंब सोडलं. ती दुधासारखी पांढरी होईपर्यंत हवालदार खिडकीबाहेर बघत राहिला.

"गाय काय खाते तुमची?"

"डोंगरातला कडू दवणा. गप प्या आता."

तुझे गुडघे कसे आहेत? बाबा वेळेवर जेवतात ना?

मार्चमध्ये मोरेलची बदली आहे. नवा येणारा दूध पितो की नाही, ते कुणालाच माहीत नाही. वाचून झालं की पत्र चुलीत घाल.

तुझीच,
एलिन