आधी मी फुंकतो

मंगळवार, ९ नोव्हेंबर

चि. सशास,

मामाचे आशीर्वाद. रागात असलास तरी ठेवून घे, ते खराब होत नाहीत.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. आमच्या शाळेत गुरुजी दर शनिवारी एक पत्र लिहायला लावायचे, आणि तेही ज्याच्याशी भांडण झालं असेल त्याला. लिहिता लिहिता हात दुखतो आणि शिव्या आपोआप गळतात, असं ते म्हणायचे. तुझ्या खोलीत राहणाऱ्या, आपल्या डेपोतल्या टायरवाल्याच्या हाती हे पत्र देतोय. त्याने वाटेत वाचलं तरी हरकत नाही, यात गुपित काही नाही.

इकडे सगळं ठीक. तुझ्या आईच्या जिन्याला रविवारी दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवला. गारठा सुरू झालाय, सकाळी तिचा पाय धरतो. गरम पाण्याची पिशवी गळत होती, ती नवी आणून दिली. म्हणाली, "अरे, किती करशील? पाय माझा आहे, तुझा नाही." मी पिशवीचं बूच घट्ट करत बसलो.

आता शनिवारचं.

तू डेपोत आलास तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. कडक इस्त्रीचा युनिफॉर्म, ओले केस, चेहरा ताजा. "मामा, आठ किलोमीटर मारून आलोय," म्हणालास. मला बरं वाटलं. नेहमीप्रमाणे दारू तपासायच्या मशीनमध्ये आधी मी फुंकलं. वहीत पहिलं नाव माझं, पुढे शून्य. मागून कोणीतरी रोजचं बोललंच, "साहेबांचं शून्य बघा, झिजून गेलं असेल आता." तूही हसलास. मग नळी तू घेतलीस.

चौदा.

गाडी चालवणाऱ्याला आपल्याकडे शून्यच लागतं. तू म्हणालास, मशीन बिघडलंय. नळी बदलली, पंधरा मिनिटं थांबलो, पुन्हा फुंकायला लावलं. तेरा. तेव्हा तू टेबलावर वाकलास आणि हळूच म्हणालास, "मामा, लिहू नकोस ना. काल अकराला संपवली मी. पळालोय, घाम काढलाय, दोन लिटर पाणी प्यायलोय. काही नाहीये माझ्यात."

मी लिहिलं. तुला नऊ दिवस घरी बसवलंय. तुझी गाडी दुसऱ्याने नेली.

त्या दिवसापासून डेपोत दोन तट पडलेत. काही जण माझ्याकडे पाहून मान हलवतात, बाकीचे पाहतच नाहीत. कंडक्टरबाईंनी तर तोंडावर विचारलं, "तुम्ही मामा आहात की मशीन?" मी म्हटलं, पाच ते सात मशीन, नंतर मामा. त्या हसल्या नाहीत.

तुझा घोटाळा कुठे होतो, ते मला दिसतं. एका पारड्यात तू धावणं टाकतोस, उकडलेली अंडी टाकतोस, सोडलेली साखर टाकतोस. दुसऱ्यात दोस्तांबरोबरचे ग्लास. काटा मधे आला की तू निश्चिंत. पण शरीर म्हणजे तराजू नाही रे. डेपोच्या डॉक्टरबाईंनी आम्हाला नीट समजावलं होतं. दारू काढायचं काम यकृताचं, आणि ते आपल्या चालीनं चालतं. तू पळालास म्हणून ते पळत नाही. घामातून जाते ती नावापुरती. अंघोळीने, कॉफीने माणूस जागा होतो, रिकामा होत नाही.

दोस्तांत बसू नकोस असं मी म्हणणार नाही. पंचविशीत माणसाला माणसं लागतात. दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तर बस, पोटात अन्न घालून बस, एक ग्लास सावकाश संपव, मधे पाणी पी, पोट धरून हस. पण सकाळची ड्यूटी असेल तेव्हा नको. थोडीसुद्धा नको. आणि हे मशीनला घाबरून करू नकोस.

गाडीच्या दारात लोक असतात, सशा. एवढंच.

तुझाच,
मामा


शुक्रवार, १२ नोव्हेंबर

चि. सशास,

फोनवर तुझ्या तीन ओळी आल्या. "मामा, माझं शरीर मला कळतं. तू जन्मात थेंब घेतला नाहीस. ज्याने चव घेतली नाही त्याने शिकवू नये."

पहिल्या ओळीवर वाद घालता येईल. तिसरी मला पटते. पण दुसरी खोटी आहे, आणि इतकी वर्षं ती खरी वाटू दिली ती मीच.

मागच्या पत्रात गुपित काही नाही, असं लिहिलं होतं. ते लिहायच्या आधी दोन कागद फाडले होते. आज पाकीट चिकटवलंय, आणि टायरवाल्याला बजावलंय की हे उघडलंस तर तुझ्या दुचाकीची हवा मी स्वतः सोडीन.

काल तुझ्या आईकडे गेलो होतो. ती खिडकीत बसून शेंगा सोलत होती. म्हटलं, "ताई, त्याला सांगतो मी."

तिने विचारलंही नाही काय ते. "एकोणीस वर्षांनी? आता कशाला उकरतोस?"

"तो माझ्याच वाटेनं चाललाय. तेच बोलतो, शब्दसुद्धा तेच."

तिने सोललेले दाणे सुपात सारले. मग म्हणाली, "लिही. पण माझ्या वाटचं तू लिहू नकोस. ते मी सांगेन, तो घरी आला की. आणि स्वतःला फार झोडपू नकोस त्यात, वाचणाऱ्याला त्याचा उपयोग नसतो."

म्हणून सरळ लिहितो.

मी तीस वर्षांचा होतो. शहर पायाखालचं झालं होतं, हातात मोठी गाडी होती. रोज दोनशे बैठका मारायचो, सुट्टीच्या दिवशी तलावात पोहायचो. अंगावर चरबीचा ठिपका नव्हता. संध्याकाळी आम्ही पाच-सहा ड्रायव्हर बसायचो. दारुडे नव्हतो रे. गाणी म्हणायचो, एकमेकांची टिंगल करायचो, घरी वेळेवर जायचो. सकाळी बैठका मारल्या, घाम निघाला, की मी म्हणायचो, "झालं, साफ."

तेव्हा मशीन नव्हतं. फाटकावर गाड्या सोडणारे मुकादम होते, मोठ्या मिशांचे. ते तोंडाजवळ येऊन वास घ्यायचे. त्या दिवशी त्यांनी वास घेतला आणि माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना मी मुलासारखा. विचारलं, "अंघोळ केलीस?"

"केली. बैठकाही मारल्या."

"मग जा. पण जपून."

चौथ्या थांब्यावर तुम्ही दोघं चढलात. तू सहा वर्षांचा, पाठीवर दप्तर. माझ्याकडे पाहून तू सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं ओरडलास, "ही माझ्या मामाची गाडी आहे!" शाळेच्या थांब्यावर उतरलात. मी आरशात पाहिलं. मला तुम्ही दोघंही खाली दिसलात. गाडी सोडली.

तू खाली होतास. तुझी आई खाली नव्हती. तिचा एक पाय अजून पायरीवर होता.

डोकं दुखत नव्हतं, झोक जात नव्हता, मी गाणं गुणगुणत होतो. फक्त जे आरशात नव्हतं ते मला दिसलं. शुद्धीतल्या डोळ्यांना ते दिसलं नसतं. मागचं चाक तिच्या घोट्यावरून गेलं.

पुढचं तुला माहीत आहे, पण जसं तुला सांगितलं तसं. चौकशीचे साहेब दवाखान्यात आले तेव्हा ताई म्हणाली, "पोरानं हात ओढला, माझा तोल गेला." सहा वर्षांच्या पोराला कोण काय करणार? माझी नोकरी राहिली. मग तेच शेजारच्यांना सांगितलं, नातेवाइकांना सांगितलं, आणि शेवटी तुलाही तेच आठवायला लागलं. तुला कधी कोणी ओरडलं नाही. हा आम्ही आमचा मोठेपणा समजत होतो.

तू हात ओढला नव्हतास. तिचा हात तुझ्या हातात नव्हताच. तू वाकून बुटाची नाडी बघत होतास. मी ते पाहिलं होतं.

तू दहा-अकरा वर्षांचा असताना एकदा तिला बूट घालून देत होतास. म्हणालास, "आई, मी मोठा झालो की तुझ्या वाटचंही पळेन." मी दारात उभा होतो. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी बाहेर जाऊन स्कूटर पुसत बसलो. चकाचक पुसली.

त्यानंतर मी थेंब घेतला नाही आणि गाडीही चालवली नाही. पाठदुखीचं निमित्त सांगून आतलं काम मागून घेतलं. मशीन आलं तेव्हा कोणालाच ते नको होतं, मी हात वर केला. आधी मी फुंकतो तो नियम कोणी घातलेला नाही. ज्याला एकदा मायेनं सोडून दिलं होतं, तो रोज सगळ्यांसमोर तपासून घेतो, एवढंच त्याचं कारण.

मुकादम आता नाहीत. त्यांना मी दोष देत नाही, पाय माझ्यामुळे अधू झाला. पण शनिवारी तू टेबलावर वाकलास तेव्हा मला त्यांच्या मिशा दिसल्या. तुझ्यावर माझी माया त्यांच्या माझ्यावरच्या मायेपेक्षा कमी नाही. म्हणूनच लिहिलं.

देवाकडे माफी मागून झाली, पुष्कळदा. तो ऐकून घेतो. पण ज्याची मागायची त्याला टाळून मी देवाच्याच दारात जात राहिलो, हे देवालाही दिसत असणार. आज तुझ्याकडे मागतो. लगेच दे असं नाही. कधीच देऊ नयेस असं वाटलं, तर तेही तुझ्या हातात आहे.

खाली 'तुझा' लिहायचं की नाही, ते माझ्या हातात राहिलेलं नाही. जागा सोडतोय.

. . . . . .
मामा


रविवार, १४ नोव्हेंबर

चि. सशास,

आज आशीर्वाद लिहीत नाही. मागशील तेव्हा देईन.

तू काल आईकडे गेला होतास, असं ताईने सांगितलं. बाकीचं तुम्हा दोघांचं. मला तिने दोनच गोष्टी सांगितल्या. तू दारातूनच विचारलंस, "मी ओढला होता का?" आणि ती म्हणाली, "नाही रे बाळा, मी खोटं बोलले." त्यानंतर तू तिच्या पायाशी बसलास आणि संध्याकाळपर्यंत उठला नाहीस. मी पुढे काही विचारलं नाही. ती रडत होती, पण आवाज मोकळा होता. तसा मी किती वर्षांत ऐकला नव्हता.

माझ्याबद्दल तू एक अक्षर काढलं नाहीस, तेही तिने सांगितलं. ते रास्तच आहे.

टायरवाला म्हणतो, तू भिंतीवर कागद लावलायस. ड्यूटीच्या आदल्या दिवशी नाही. लांब धावायच्या आदल्या दिवशी नाही. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी दोन, त्याही जेवणानंतर. शुक्रवारी म्हणे दोस्तांत जाऊन बसलास आणि लिंबूपाण्याचा एकच ग्लास दोन तास सांभाळलास. त्यांनी तुला "आजोबा" म्हटलं, तरी तू हसत बसून राहिलास. हे ऐकून मला काय वाटलं ते लिहीत नाही. कागद तुझा आहे, नियम तुझे आहेत, त्यात मी नाक खुपसणार नाही. एकच सांगतो. एखाद्या दिवशी नियम मोडलास, तर तो दिवस लपवू नकोस. लपवलेला दिवस दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर चढतो, हे आपल्या घरात आपण पाहिलंय.

मी काल मॅनेजरसाहेबांकडे गेलो होतो. त्या अपघाताचा खरा जबाब लिहून दिला, खाली सही केली. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, एकोणीस वर्षं झाली. फाइल कुठे असेल तेही माहीत नाही. आता कोणी मागितलाय हा जबाब?" मी म्हटलं, "एका मुलाचं नाव आहे त्या फाइलमध्ये. ते काढायचंय." त्यांनी कागद ठेवून घेतला. निर्णय वरून येईल. मला काढतील, खाली आणतील किंवा काहीच करणार नाहीत. जे होईल ते मी घेईन. तोवर मशीन माझ्याकडेच आहे.

तेव्हा उद्या सकाळी टेबलापाशी मीच असेन. दुसऱ्या पाळीला जाऊन मला टाळता येईल, पण तू टाळणार नाहीस, इतपत मी तुला ओळखतो. माझ्याशी बोलायची गरज नाही. पाच वाजता मी आधी फुंकेन, सगळ्यांसमोर. मग नवी नळी तुझ्यापुढे ठेवीन. जो आकडा येईल तो लिहीन. शून्य आलं तर शून्य, आणि पुन्हा चौदा आले तर चौदा.

गाडी बाहेर निघाली की मी रोज तिच्याकडे पाहून मनात एक नाव घेतो. कोणाचं ते कोणाला सांगत नाही. उद्या तुझी गाडी फाटकातून जाईल तेव्हाही घेईन.

दार बंद करण्याआधी आरसा दोनदा बघ.

जागा अजून मोकळी आहे.

. . . . . .
मामा