पडवीत मोठ्याने वाचावे

मुलुंड (पश्चिम),
ता. १६ नोव्हेंबर १९८६

तीर्थरूप आईंच्या चरणी रत्नप्रभाचा साष्टांग नमस्कार.

आम्ही इकडे तिघंही ठीक आहोत. तुमचं मनगट कसं आहे? पलिस्तर काढल्यावर तेल लावून घेता ना? थंडीत हाड ठणकतं, हात उघडा ठेवू नका.

धोंडिराम भाऊजी, पत्र नेहमीप्रमाणे तुम्हीच आईंना वाचून दाखवणार, म्हणून या ओळी तुम्हाला. मागच्या खेपेला तुमच्या भावाचं पत्र तुम्ही पडवीत बसून वाचलंत आणि अर्धी वाडी ऐकायला जमली होती, असं तुमच्याच कार्डात होतं. आजही त्या सगळ्यांना बोलवा. सगळी आली की वाचा. मधलं काही गाळू नका. तुम्हाला लाज वाटेल, पण ती लाज माझी आहे, तुमची नाही.

आई, बाय आता साडेसहा किलोची झाली. पालथी पडते आणि सरळ होता आलं नाही की आपल्यालाच शिव्या दिल्यासारखं ओरडते. शी साधी होते, पिवळी. दोन महिने रक्ताचा एक धागाही दिसला नाही. मला आता मासळी आणि गहू खायची परवानगी मिळाली आहे. गेल्या आठवड्यात चार महिन्यांनी बांगडा खाल्ला आणि काटेसुद्धा चोखले. तुम्ही असता तर म्हणाला असता, 'मांजराक तरी ठेव गो कायतरी.'

भाऊजींच्या कार्डात शेवटी असं होतं की परबांच्या सुनेचं बाळंतपण झालं आणि बाळाला न्हाऊ घालायला तुम्हाला बोलावलं नाही. परबीण काकी म्हणाल्या, जिनं नातीच्या जिवावर उठून सुनेच्या पेजेत साय घातली, तिच्या पायांवर आमचं पोर नको. वाडीतलं एकेक मूल तुमच्या पायांवर न्हायलं आहे. भाऊजी न्हायले, हे न्हायले, खुद्द परबीण काकींचे तिघे न्हायले. ते कार्ड मी तीनदा वाचलं आणि पिठाच्या डब्यामागे टाकलं. दहा दिवस तिथेच होतं.

वाडीला नीट कळावं म्हणून सुरुवातीपासून सांगते. दीड महिन्याची असताना बायच्या लंगोटात रक्त दिसायला लागलं. प्यायली की पाय पोटाशी घ्यायची आणि निळी पडेपर्यंत रडायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आई जे दूधदुभतं खाते ते अंगावरच्या दुधातून हिच्या पोटात जातं आणि हिच्या आतड्याला ते सोसत नाही. अंगावर पाजणं चालू ठेव, पण तुझ्या ताटातलं दूध, दही, ताक, तूप, सगळं बंद. मग अंडी आणि शेंगदाणे बंद केले. मग गहू. मग मासळीही. बरं वाटलं की एकेक परत आणायचं. मालवणी बाईच्या ताटातून मासळी काढल्यावर उरतं काय? पेज, मुगाचं पाणी आणि उकडलेला दुधी.

बाळंतपणासाठी गावाहून इकडे आलेल्या आईंना हे पटलं नव्हतं, हे खरं आहे. बाळंतिणीनं दूध सोडलं तर अंगावर येणार कुठून, असं त्या चाळीत दारोदार सांगायच्या. अळिवाची खीर करून आणली तेव्हा मी वाटीसकट मोरीत भिरकावली आणि त्यांना नको ते बोलले. पण त्या दिवसानंतर त्यांनी माझी पेज वेगळ्या टोपात शिजवली. पळीसुद्धा वेगळी ठेवली, दुधाचा हात लागू नये म्हणून. पितळेची, लांब दांड्याची. ती पळी पुढे परत येणार आहे.

भुकेनं माणूस किती वाईट होतं ते मला तेव्हा कळलं. शेजारी कोणी चहा उकळला तरी मला त्यांचा गळा दाबावासा वाटायचा. एकदा भर दुपारी बाय दोन तास रडत होती. मी तिला दोन्ही हातांनी उचललं आणि भिंतीकडे वळले. मी तिला आपटणार होते. आई, तुम्ही ओरडला नाहीत. तिला माझ्या हातातून काढून घेतलंत आणि म्हणालात, 'तू वायच भायर जाऊन बस.' ही गोष्ट तुम्ही कोणाला सांगितली नाहीत. ह्यांनासुद्धा नाही.

श्रावणात मी चोरून दहीभात खाल्ला. दुसऱ्या दिवशी लंगोट लाल. ह्यांनी कंबरेचा पट्टा काढला आणि मला मोरीपासून दारापर्यंत मारत आणलं. तुम्ही मध्ये पडलात म्हणून शेवटचे दोन फटके तुमच्या पाठीवर बसले. हे म्हणाले, पुन्हा खाल्लंस तर हाडं मोडून माहेरी पाठवीन आणि पोरगी इथेच ठेवीन. मारापेक्षा ते शेवटचं मला लागलं.

आता त्या दिवसाचं सांगते, ज्याच्याबद्दल तुम्ही सगळ्यांनी मागचं पत्र ऐकलंत.

शेजारच्या शकूचा नवरा तबेल्यात कामाला आहे. म्हैस व्यायली की चीक आणतो. त्या मंगळवारी शकू खरवस घेऊन आली, मोठी वाटी भरून, गुळाचा, वर वेलची. आई पाण्याच्या रांगेत होत्या. वाटी फळीवर ठेवून शकू गेली. मी पहिला तुकडा दाराआड उभी राहून खाल्ला. मग बसले आणि सगळा खाल्ला, वाटी चाटली. बाय माझ्या मांडीवर झोपली होती आणि मी तिच्या डोक्यावरून खात होते. खाताना मला तिची आठवणही झाली नाही. मग वाटी घासून पालथी घातली आणि तासाभरानं त्याच अंगावर तिला पाजलं.

बुधवारी सकाळी लंगोटात रक्ताची गुठळी होती. हे कामावर निघाले होते. लंगोट बघून डबा खाली आपटला आणि पट्ट्याला हात घातला. 'कोणी घातलं? सांग, नायतर दोघींना फोडतो.'

मी आईंकडे बोट दाखवलं.

आई, तुम्ही चुलीपाशी होतात. माझ्याकडे बघितलंत. मग म्हणालात, 'होय. मियांच घातलंय साय पेजेत. तिच्या अंगाक लागात म्हणान.'

ह्यांनी जन्मदात्या आईला दोन्ही हातांनी ढकललं. मोरीच्या कठड्यावर तुमचा हात आपटला आणि हाड मोडल्याचा आवाज आला. तो मी ऐकला. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण तुम्ही पडल्या जागेवरूनही माझ्याकडेच बघत होतात, आणि त्या नजरेत राग नव्हता. तुम्ही खोटं बोलताय हे मला माहीत होतं, आणि ते ह्यांना तुमच्या तोंडावर दिसू नये म्हणून मी टोपातली पळी उचलली आणि तुम्हाला मारलं. तीनदा. खांद्यावर, कानशिलावर आणि त्याच मोडलेल्या हातावर. हे ह्यांच्या पत्रात नव्हतं. ह्यांनी लिहिलं, आई घसरून पडली. आई घसरून पडल्या नाहीत, लोकहो. मुलानं ढकललं आणि सुनेनं मारलं.

आई, तुम्ही मोडका हात घेऊन गावी गेलात आणि पुढचे दोन महिने मी मनाशी म्हणत राहिले की म्हातारी घाबरली, माराच्या भीतीनं काहीही कबूल करून बसली. असं म्हटलं की मला झोप लागायची. तुमच्याबद्दल थोडी घृणाही वाटायची, खोटं कशाला सांगू.

गेल्या आठवड्यात शकू पुन्हा खरवस घेऊन आली आणि दारातच हसली. म्हणाली, 'आता खायला कोणच नाय ना इथे? तुझी सासू मंगळवारीच वाटी परत द्यायला आली होती. म्हणाली, शकू, सगळो मियांच खाल्लंय, सुनेक वाससुद्धा दिलंय नाय.'

म्हणजे मंगळवारी संध्याकाळीच तुम्हाला कळलं होतं. रक्त दिसायच्या आधी, पट्टा निघायच्या आधी. पालथी वाटी बघून तुम्ही ओळखलंत, आणि माझ्या नावावर काही येऊ नये म्हणून आदल्या दिवशीच शेजारी सांगून ठेवलंत. तुम्ही घाबरून कबूल केलं नाही. तुम्ही ठरवून कबूल केलंत. शकू गेल्यावर मी तो खरवस कुस्करून मोरीत टाकला, वर तांब्याभर पाणी ओतलं आणि तिथेच बसून कपाळ त्याच कठड्यावर आपटून घेतलं.

परवा ह्यांना सांगितलं. आधी बायला शकूकडे ठेवलं. पट्टा विळीवर धरून चिरला, चार तुकडे केले, मग बोलले. तरी हात उठलाच. ओठ फाटला, एक दात हलतोय. मी पडले नाही आणि रडलेही नाही. तिसऱ्यांदा उचललेला हात मी धरला आणि म्हटलं, ह्याच हातानं ढकललंत ना? तेव्हा ते खाली बसले आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, 'गावी लिहू नको. तोंड दाखवायला जागा राहणार नाय.' मी विचारलं, आईंना राहिली आहे का?

हे पत्र आज पोष्टात टाकायला मीच जाते आहे.

परत या, असं लिहायला मला तोंड नाही. बायला मी न्हाऊ घालते, पण माझ्या हातात ती अंग आखडून घेते. तुमच्या पायांवर कशी सैल पडायची ते मला आठवतं. माझं म्हणणं एवढंच, की परबांच्या सुनेचं बाळ तुमच्या पायांवर न्हावं. एका हातानं जमणार नसेल तर परबीण काकींनी पाणी ओतावं. त्यांनी आता पत्र ऐकलं आहे.

भाऊजी, कोणी उशिरा आलं आणि पुन्हा वाचा म्हणालं, तर एवढं सगळं वाचत बसू नका. खालचं तेवढं वाचा.

खरवस मी खाल्ला. आईंनी पेजेत काहीही घातलं नव्हतं.

आईंची सून,
रत्नप्रभा