अंधारखोलीचे सील काढून श्वासपाल्याच्या रोपास पाणी व उजेड मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी,
औषधी वनस्पती संशोधन संस्था,
मुख्य इमारत, पहिला मजला.

विषय : अंधारखोलीतील रोपाबाबत आजच्या आज निर्णय मिळावा.

संदर्भ : १) खोली सील करण्याचा आपला सोमवारचा आदेश. २) माझे सोमवारचे व मंगळवारचे अर्ज. ३) मला काल मिळालेली नोटीस.

महोदय,

१. मी हरितलवक प्रकल्पात संशोधन सहाय्यक आहे. श्वासपाल्याच्या पानांतील हरितलवके वेगळी काढून त्यांचा जनुकक्रम वाचणे हे आमचे काम. दम्यावर देतात तो हा पाला. त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा एक पाला यकृताला घातक आहे. झाडावर असताना दोन्ही फुलांवरून ओळखता येतात, पण वाळल्यावर सख्ख्या बहिणी. गेल्या वर्षी माझ्या सासूबाईंना खऱ्याच्या जागी खोटा गेला आणि त्या मरता मरता वाचल्या. हा क्रम हाती आला की वाळक्या चुऱ्यावरूनही खरे-खोटे सांगता येईल.

२. ज्या डोंगरावर ही वनस्पती होती तिथे आता रस्ता आहे. आमच्या माहितीत जिवंत रोप एवढे एकच उरले आहे, आणि तेच आपण सील केले आहे.

३. रोप अंधारात मीच ठेवले व ते नियमाला धरून होते. उजेडात पान स्टार्च साठवते, आणि हरितलवके वेगळी करायला पानांचा लगदा यंत्रात फिरवताना स्टार्चचे कण हरितलवके फाडून टाकतात. म्हणून आधी दोन दिवस रोपाला अंधारात उपाशी ठेवायचे. शुक्रवारी ठेवले. शनिवारी-रविवारी सुट्टी असूनही मी येऊन मंद हिरव्या दिव्यात पाणी घातले. सोमवारी पाने काढायची, तर सकाळीच यंत्र बंद पडले. त्याचा सुटा भाग बाहेरून यायचा आहे. कधी येईल ते देणाऱ्यालाही ठाऊक नाही. दुपारी आपला आदेश आला की नमुना सुरक्षित राहावा म्हणून पाने काढेपर्यंत दार कोणीही उघडू नये.

४. महोदय, दोन दिवसांचा अंधार ही तयारी असते. त्यापुढे झाड स्वतःलाच खायला लागते, आणि सगळ्यात आधी संपतात ती हरितलवके. म्हणजे जे वाचायचे तेच आत पुसले जात आहे. त्यात पाणी नाही. काल दाराखालच्या फटीतून एक पान बाहेर आले. ते पिवळे आहे. या अर्जाला टाचले आहे, कृपया हातात घेऊन पाहावे.

५. मी सगळीकडे जाऊन आले. माळीदादा म्हणाले, "ताई, कुंडी बाहेर असेल तर माझी, कुलपात असेल तर भांडाराची." भांडारप्रमुख म्हणाले, "नोंदीत नमुना म्हणून आहे. नमुन्याला पाणी घालायची तरतूद दाखवा, आत्ता सही करतो." प्रकल्पप्रमुख दौऱ्यावर आहेत, फोन लागत नाही. आपल्या कार्यालयाने माझे दोन्ही अर्ज घेतले आणि उत्तर पंधरा कार्यदिवसांत मिळेल असे सांगितले. रोपाला कार्यदिवस कळत नाहीत.

आता नोटिशीविषयी. इथून पुढे परिच्छेदांना क्रमांक देत नाही, लक्ष लागत नाही.

माझा रोजचा एक नेम आहे. सकाळची प्रार्थना झाली की या रोपाला पाणी घालायचे आणि मगच अन्नाला शिवायचे. सासूबाई दवाखान्यातून घरी परतल्या त्या दिवशी मनाशी धरला, कोणाला सांगितला नाही. सांगितला की नेमाचा दिखावा होतो, असे मी मानते. सील लागल्यापासून रोपाला पाणी नाही, म्हणून मी दूध-पाण्यावर आहे. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडत नाही, तर कुठेतरी बसायचे म्हणून खोलीबाहेरच्या स्टुलावर जपमाळ घेऊन बसते. सुरक्षारक्षकाने वर कळवले की बाई उपोषणाला बसल्या. मंगळवारी कर्मचारी संघटनेचे सचिव फलक घेऊन आले. "ताई, तुम्ही फक्त बसा, घोषणा द्यायला आम्ही आहोत." मी त्यांना हात जोडले व म्हटले, भाऊ, आत झाड आजारी आहे, हळू बोला. ते फलक ठेवून गेले.

घरी सासूबाईंनी न सांगताच नेम ओळखला व त्या चिडल्या आहेत. "त्या झाडाने सांगितलंय का तुला उपाशी राहायला? माझ्या नावाने कशाला जीव जाळतेस?" त्यांना काय सांगू? घरात बसवत नाही, खोलीबाहेर बसले तर आत जाता येत नाही. कामावर असले की दाराशी कान लावते, जणू पान पडल्याचा आवाज येणार आहे.

काल नोटीस आली, की उपोषण तात्काळ मागे घ्यावे, अन्यथा कारवाई होईल. मी सायंकाळी लेखी खुलासा दिला की हे उपोषण नाही, माझी संस्थेविरुद्ध तक्रार नाही, हा खासगी नेम आहे. खुलासा खरा होता. तो देऊन मी समाधानाने घरी गेले.

आज सकाळी नोटीस पुन्हा वाचली. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत नियम आहे. कर्मचारी उपोषणास बसल्यास सक्षम अधिकाऱ्याने त्याच दिवशी स्वतः जागेवर यावे, मागणी ऐकावी व तिथेच निर्णय द्यावा. अर्जाला पंधरा दिवस आणि उपोषणाला एक. माझ्या खुलाशाने तो एक दिवसही मीच घालवला.

महोदय, दुसऱ्याकडून काही मिळवण्यासाठी केलेला नेम हा नेम राहत नाही. मी तसेच शिकले आहे व तसेच मानते. पुढचे वाक्य लिहिण्याआधी बराच वेळ पेन खाली ठेवले होते. तरी लिहिते. माझा कालचा खुलासा मी मागे घेत आहे. हे उपोषण आहे, व ते सोमवारपासून सुरू असल्याची नोंद घ्यावी. नेमाचे पुण्य गेले तर जाऊ दे. ते माझे एकटीचे होते. रोप एकटीचे नाही.

मागणी एकच. रोप उजेडात काढावे, आणि यंत्र दुरुस्त झाले की पुन्हा दोन दिवस अंधारात ठेवू. यात शास्त्राची काहीही हरकत नाही. अडले आहे ते सहीपाशी. नियमानुसार आपण आज येणारच. येताना उपोषण सोडवण्यासाठी फळांचा रस आणू नये. झारीभर पाणी आणि सील कापायला कात्री आणावी. मी दाराशीच आहे.

आपली नम्र उपोषणकर्ती,
(स्वाक्षरी)
संशोधन सहाय्यक, हरितलवक प्रकल्प

दिनांक : आजचा, गुरुवार, कार्यालय उघडताच