उंची चालणार नाही

४ एप्रिल २०२१

आणि वर भीमसेनला फोनवर सांगतात, "तिची लडाखची फार इच्छा आहे रे, पण डॉक्टरच नाही म्हणतो." म्हणजे आडवी कोण आली? मी. हे आपले मोकळे.

भीमसेन भाऊ माझा. फौजेचा ट्रक घेऊन लेहच्या रस्त्यावर त्याची अर्धी नोकरी गेली. माझं लग्न व्हायच्या आधीपासून सांगतोय — ताई, एकदा तरी लडाख बघ, झाड नाही, गवत नाही, तरी डोंगर जांभळा दिसतो, तांबडा दिसतो. मी म्हणायची, नवरा नेईल. नेलं नवऱ्यानं. हॉलंडात, आल्मेरेला. समुद्र आटवून केलेल्या जमिनीवर. डोंगर सोड, इथं उतारसुद्धा नाही.

गेल्या वर्षीची तिकिटं कोरोनात बुडाली, ते एक समजू शकते. पण जूनमधला तो दिवस मी विसरत नाही. आम्ही दोघंही तापातून उठलेलो. हाउसार्ट्सनं, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरनं, दोघांना तपासायला बोलावलं. मला नळीत फुंकायला लावलं. ह्यांना छातीला वायरी लावल्या. मग तो डॉक्टर बोलत बसला, बोलत बसला, आणि सगळं ह्यांच्याकडे बघून. माझ्याकडे एकदाही नाही. मी काय खुर्ची होते? ह्यांनी मान हलवायची, मी भिंतीवरचं फुफ्फुसांचं चित्र बघायचं.

बाहेर आल्यावर विचारलं, काय म्हणाला?

"तुझ्या फुफ्फुसांना उंची चालणार नाही म्हणाला."

एवढ्या बोलण्याचं एवढंच?

"बाकीचं डॉक्टरी असतं गं."

मला डच येतं ते बाजारापुरतं. इंग्रजी त्याहून कमी. सातवीत शाळा सुटली, पुढं कोण शिकवणार. त्यामुळं नगरपालिका असो, शाळा असो, डॉक्टर असो, माझं तोंड म्हणजे हे. ते सांगतील ते मी ऐकायचं.

१४ एप्रिल

जयंती झूमवर. वंदना म्हणताना प्रत्येकाचा आवाज वेगळ्या वेळी येतो, बुद्धं सरणं कुणाचं संपतंय तर कुणाचं सुरू होतंय. शेवटी रॉटरडॅमची यामिनी सगळ्यांसमोर म्हणते, "मीराताई, लडाखचं मनातून काढा आता. तब्येत पहिली."

हिला कुणी सांगितलं? ह्यांनीच. अख्ख्या हॉलंडला माझी फुफ्फुसं माहीत.

२ मे

भीमसेनचा फोन. नागपुरात त्याच्या गल्लीतून तिघं गेले. त्यातला एक त्याच्याबरोबर फौजेत होता.  मग म्हणाला, "जर्दाळूचा बहार येऊन गेला असेल गं तिकडं. पांढरा-गुलाबी. बघायला कोणी नसेल यंदा. झाडांना काय त्याचं."

मी विचारलं, जेवलास का? मला असल्या वेळी दुसरं काही सुचत नाही.

२६ मे

पौर्णिमा. खीर केली. मैत्रीनं अर्धी वाटी खाल्ली आणि डचमध्ये काहीतरी म्हणून खोलीत गेली. पोरगी माझी, उत्तर भलत्याच भाषेत.

२० जून

आज मुद्दाम केलं. पोळ्यांचे डबे सायकलला बांधले आणि समोरून वारा असताना पार स्टेशनपलीकडच्या पोरांपर्यंत पोचवून आले. ही आयटीतली पोरं, माझ्या पोळ्यांवर जगतात. एकाने दार उघडून विचारलं, काकू, पाणी देऊ का. मी म्हटलं, कशाला?

घरी आले तर लिफ्टपाशी हे उभे. मी जिना चढून वर गेले, सहा मजले. लिफ्ट यायला वेळ लागला, मी दारात आधी. म्हटलं, फुफ्फुसं कुणाची खराब? तर चिडले. "उगाच दाखवेगिरी करू नकोस." चपला काढायलासुद्धा खुर्चीवर बसले, साहेब.

संध्याकाळी बांधावर फिरायला गेलो. चार पावलं चढ नाही त्या बांधाला, तर अर्ध्यात बाक दिसला की हे बसणार आणि मोबाइल काढणार. ऑफिसचं काम म्हणे. मी एकटीच वर गेले. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला आमची घरं पाण्याच्याही खाली. वर आले असं वाटलंच नाही.

१ ऑगस्ट

यामिनी लडाखला गेली. भारतात सासरी गेली होती, तिथून नवऱ्याला घेऊन थेट लेह. फोटोच फोटो. निळं तळं. सातूची हिरवी शेतं, आणि लगेच त्यामागं उघडाबोडका डोंगर, कुणी रंग सांडून ठेवल्यासारखा. एका फोटोत म्हातारी हातानं प्रार्थनेचं मोठं चक्र फिरवतेय. आपण असलं चक्र फिरवत नाही. बाबासाहेबांनी आपल्याला असलं काही सांगितलं नाही. पण बुद्ध तोच ना? त्या थंड जमिनीवर मांडी घालून मला एकदा आपल्या पद्धतीनं, आपल्या आवाजात पंचशील म्हणायचंय. मोठ्यानं. भीमसेन म्हणायचा, तिथं आवाज फार लांब जातो.

यामिनीनं खाली लिहिलंय — मीराताईंसाठी खास, घरबसल्या दर्शन.

मी अंगठा टाकला. दुसरं काय टाकणार.

१९ डिसेंबर

पुन्हा सगळं बंद.

१६ जानेवारी २०२२

भांडण. मी विषय काढला, यंदा उन्हाळ्यात? ह्यांचं तेच. उंची, डॉक्टर, फुफ्फुसं. मग माझ्या तोंडातून गेलं ते गेलंच. म्हटलं, डॉक्टरचं नाव कशाला पुढं करता. दोन हजार वीसला तुमच्या ऑफिसच्या विवेकचं कुटुंब बरोबर येणार होतं. त्याची बायको शिकलेली, इंग्रजी बोलणारी. तिच्या शेजारी मी कशी दिसेन, याची लाज वाटली तुम्हाला.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय. "लाज? तुझी?" म्हणाले. आणि उठून गेले.

मग उत्तर का देत नाहीत?

माझ्या शिवणावर ह्यांचं इंजिनियरिंगचं शेवटचं वर्ष निघालं. तेव्हा लाज नव्हती. ब्लाउजांना हुक लावताना पुस्तक वाचून दाखवायचे मला, अर्थ सांगत. सगळं सांगायचे तेव्हा.

२७ मार्च

भारताची विमानं पुन्हा सुरू झाली. भीमसेननं सकाळीच फोन केला. "ताई, जूनमध्ये मनालीचा रस्ता उघडतो. गाडी मी चालवणार. गुडघे एवढ्या एका फेरीला साथ देतील, पुढच्या वर्षाचं सांगत नाही."

मी म्हटलं, माझी फुफ्फुसं.

"अगं, हळूहळू चढायचं. मध्ये मुक्काम करायचे. पहिले दोन दिवस नुसतं झोपायचं आणि पाणी प्यायचं. डोंगर कुठं पळतोय? मी जाडेजाडे सुभेदार वर नेऊन सुखरूप खाली आणलेत. दाजींना दे फोन."

दाजींनी फोन घेतला नाही. हातानंच सांगितलं — मीटिंग. रविवारी कसली मीटिंग.

खोल्या, गाडी, सगळं आधी ठरवावं लागतं. सतरा एप्रिलच्या रविवारी भीमसेन पुन्हा फोन करणार. किती माणसं ते तेव्हा सांगायचं.

५ एप्रिल

ह्यांना न सांगता गेले. मैत्रीला शाळेतून थेट दवाखान्यात बोलावलं. म्हटलं, आज तू बोल माझ्या वतीनं, आणि तो जे म्हणेल ते सगळं सांगायचं, गाळायचं नाही.

तोच डॉक्टर. नळीत फुंकलं. त्यानं कॉम्प्युटरमध्ये बघितलं, मागचं बघितलं, मग माझ्याकडे बघून बोलला. हसून. मैत्रीनं त्याला दोनदा विचारलं. मग माझ्याकडे वळली आणि चक्क मराठीत बोलली.

"आई, तो म्हणतो तुझं तेव्हाही चांगलं होतं. उंचीचं तुला तो कधी बोललाच नाही."

मी म्हटलं, परत विचार.

"विचारलं. तो म्हणतो, जा. हळू जा. गोळ्या लिहून देतो, वर चढताना घ्यायच्या."

मी डॉक्टरला धन्यवाद म्हटलं. मला येतं तेवढं. बाहेर येऊन सायकलचं कुलूप उघडेना. मैत्रीनं उघडलं. "पप्पा असं का म्हणाले?" विचारते. मला विचारते!

दोन उन्हाळे. दोन उन्हाळे मी आजारी बाई म्हणून बसले. शिंक आली तरी घाबरले.

६ एप्रिल

काही बोलले नाही. बोलणार पण नाही. भीमसेनबरोबर एकटी जाणार, आणि विमानतळावरून ह्यांना फोन करून सांगणार — तुम्ही माझं दुखणं जिथून आणलंत तिथंच ठेवा.

सकाळपासून एक पोळी गोल झाली नाही.

९ एप्रिल

लाजच असणार. दुसरं काय असणार? माणूस बायकोला खोटं आजारी पाडतो, ते कशासाठी? कितीही वेळा विचार केला तरी तिथंच येते. आणि ते मात्र रोज विचारतात, "बरं वाटतंय ना तुला? दमलीस का?" तोंड बघा.

१२ एप्रिल

औषधाच्या दुकानात गोळ्या आणायला गेले. काउंटरवरच्या मुलीनं पत्ता विचारला, माझी पिशवी दिली, आणि आणखी एक पिशवी पुढं केली. ह्यांच्या नावाची. "मेनेर", म्हणजे साहेब, आणि "नेहमीचं" एवढं कळलं. एकाच घरातलं म्हणून माझ्याच हाती दिलं तिनं.

नेहमीचं काय? ह्यांना तर डोकेदुखीची गोळीसुद्धा लागत नाही. असतील ताकदीच्या गोळ्या, वयाप्रमाणं. टेबलावर ठेवलीय. मैत्री आली की वाचायला लावते.

१३ एप्रिल

हृदयाच्या आहेत. मैत्री खाली जाऊन दुकानात विचारून आली. जून दोन हजार वीसपासून चालू. दर वेळी स्वतः जाऊन घेतात.

तो डॉक्टर त्या दिवशी बरोबर माणसाकडे बघून बोलत होता.

लिफ्ट. बांधावरचा बाक. चपला काढायला खुर्ची. सगळं माझ्या समोर होतं, आणि मी आपली जिना चढून दाखवत होते.

रात्रीच्या जेवणाला पिशवी त्यांच्या ताटाशेजारी ठेवली.  "तुला घाबरवायचं नव्हतं," म्हणाले, "आणि उंची मला चालत नाही हे कळलं असतं तर तू मला सोडून गेली नसतीस." घास हातातच. मला रडायचं नव्हतं म्हणून मी वाढत राहिले.

म्हटलं, अहो, उद्या जयंती आहे, उद्या भांडायचं नाही. पण रविवारी भीमसेनचा फोन येईल. त्याच्या आत मला त्या दिवशी डॉक्टर तुमच्याबद्दल काय काय म्हणाला ते सांगा. मराठीत. पहिल्यापासून. मी डोंगर बघायला जायचं की तुमच्याजवळ थांबायचं, ते मग मी ठरवीन. रविवारपर्यंत. आणि या वेळी काही गाळायचं नाही.