त्या शुक्रवारचं मीठ

आई, आज शुक्रवार आहे, पुरणाची डाळ शिजतेय, आणि मी ओट्याशी उभ्या उभ्या तुला लिहितेय. उभी, कारण बसवत नाही. सकाळपासून चार वेळा गॅसपाशी गेले आणि कशाला गेले ते विसरून परत आले. संध्याकाळी घरी हळदीकुंकू आहे, या बनशंकरीच्या फ्लॅटमध्ये, जो तू कधी बघितलाच नाहीस. मामी येणार, आणि आल्या आल्या बायकांना गोळा करून म्हणणार, "सांग गं, ती मिठाची गोष्ट सांग." तू गेल्यापासून मीच सांगते. पण आज लेकीनं दात घासता घासता विचारलं, "आई, आजीच्या आमटीत देवीनं खरंच मीठ घातलेलं? तू बघितलंस?" अकरा वर्षांची आहे, तेव्हा मी होते तेवढीच. मी म्हटलं, "बस चुकेल, आवर." ती बूट घालायला गेली.

तू कधी चाखून स्वयंपाक केला नाहीस. नैवेद्याचं चाखायचं नाही, वाससुद्धा मुद्दाम घ्यायचा नाही, आणि नैवेद्याच्या ताटात मीठ वेगळं वाढायचं नाही. म्हणजे जे काय मीठ पडायचं ते हाताच्या अंदाजानं, आणि चुकलं तर देवीच्या पानातही चुकलेलंच. तुझं चुकत नसे. मल्लेश्वरमच्या आपल्या जुन्या घरातलं स्वयंपाकघर माझ्या पायांना अजून आठवतं, लाल गुळगुळीत फरशी, भर उन्हाळ्यातही गार. तू सोवळ्यात, केस ओले, आणि शेजारी डिकॉक्शनचा वास. कॉफी मात्र तुला चालायची. "कॉफी म्हणजे पाणीच की," म्हणायचीस. देवीला हे कधी विचारलंस कुणास ठाऊक. आम्हाला मात्र नैवेद्य होईपर्यंत पोटात काही नाही. अण्णा त्यावरून चिडवायचे, "देवी जेवते साडेदहाला आणि आमची पोरगी वाळते सहापासून." तू हसायचीस, पण नियम काही सुटायचा नाही.

आणि तो शुक्रवार. अण्णांच्या पोटातली गाठ काढायची होती, ऑपरेशन अकराला. त्यांचं शिवाजीनगरचं शिवणकामाचं दुकान चार दिवस बंद, मामा दवाखान्यात त्यांच्यापाशी. शेजारच्या कानडी अक्का तुला म्हणाल्या होत्या, "आज राहू दे ना पूजा, स्वल्प दूध-साखर दाखव, देवीला कळतं." तू म्हणालीस, "सरी, बरं अक्का," आणि आत येऊन डाळ शिजत टाकलीस. पुरण, पोळ्या, आणि डाळीच्या त्या पाण्याची कटाची आमटी, सगळं साग्रसंगीत. तुझे हात चालत होते पण तू तिथे नव्हतीस. चिंच दोनदा कोळलीस. मी दाराच्या उंबऱ्यावर बसून सगळं बघत होते. मला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण आदल्या दिवशी अण्णांनी माझ्या डोक्यावर जरा जास्त वेळ हात ठेवला होता.

अक्कांच्या घरी फोन वाजला. मामाचा असणार म्हणून तू पळत गेलीस. मी आत गेले, पळी आमटीत बुडवली आणि तोंडाला लावली. अळणी होती. साफ अळणी. मी बरणीतून मीठ घेतलं, घातलं, ढवळलं, त्याच पळीनं परत चाखलं, अजून घातलं, परत चाखलं. तिसऱ्यांदा बरोबर लागलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मी केलं काय. पळी फ्रॉकला पुसली, होती तशी ठेवली आणि उंबऱ्यावर येऊन बसले. तू आलीस, "आत नेतायत त्यांना," एवढंच म्हणालीस आणि ताट वाढलंस. तू डोळे मिटून पाणी फिरवत होतीस आणि मी मागे उभी राहून मनात देवीला म्हणत होते, खाऊ नकोस, उष्टं आहे, खाऊ नकोस. आज अण्णांना काही झालं तर माझ्यामुळे, हे मला दोन अधिक दोन इतकं स्पष्ट दिसत होतं. त्या तीन तासांत मी जेवढी घाबरले तेवढी पुढे बाळंतपणातही घाबरले नाही.

रिक्षात प्रसादाचा डबा मांडीवर घेऊन बसलेली तू एकदम म्हणालीस, "अगं, मीठ. मी आमटीत मीठच घातलं नाही." तुझा चेहरा पांढराफटक पडला. "आजच्या दिवशी अळणी नैवेद्य दाखवला मी तिला." तेव्हा बोलायला हवं होतं. रिक्षावाला होता, तू होतीस, मी होते, आणि दवाखाना यायला अजून बराच वेळ होता. मी बाहेर बघत बसले. पोचलो तर मामा जिन्यातच भेटला, हसत होता. गाठ निघाली, साधी होती, अण्णा शुद्धीवर येतायत. तू तिथेच पायरीवर बसलीस, मामाच्या हातावर पोळी आणि वाटीत आमटी दिलीस आणि भीत भीत बोट बुडवून जिभेला लावलंस. मग रडायला लागलीस. "तिनं घातलं रे. माझ्या हातून राहिलं ते तिनं घातलं."

मी आता तुला काय सांगणार होते?

त्यानंतर तू ती गोष्ट सगळ्यांना सांगितलीस. अक्कांना, पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना, घरात येणाऱ्या प्रत्येक नव्या सुनेला. आणि शेवटी दर वेळी माझ्याकडे बोट, "विचारा हिला, ही होती तिथे." मी मान हलवायची. चौदाव्या वर्षी लाज वाटायची, विसाव्या वर्षी राग यायचा. वाटायचं, केवढी भोळी आहे ही, आणि केवढी खोटी मी. अण्णा गेले तेव्हासुद्धा तू शांत होतीस. "मधली वर्षं तिनं दिली," म्हणालीस. तुझी सगळी श्रद्धा मी फ्रॉकला पुसलेल्या पळीवर उभी आहे असं मला वाटायचं, आणि तिला धक्का लावायची माझी छाती नव्हती.

थांब, डाळ बघून येते.

डाळ झाली. कट काढताना थोडा अंगावर सांडला, ओढणीवर पिवळा डाग पडला, मी घाईनं साबण लावला आणि तो लालभडक झाला. हळदीचा डाग साबणानं लाल होतो हे मला तूच शिकवलंस. आई, तो पांढरा फ्रॉक तूच धुतला होतास. घरातले सगळे कपडे तूच हातानं धुवायचीस. पळीच्या आकाराचा लाल डाग तुझ्या डोळ्यांसमोर उमटला असणार.

मी नळ सोडून ओढणी पाण्याखाली धरली. आणि मग मला पुढचा शुक्रवार आठवला. त्या दिवशी तू सकाळी सातलाच मला हाक मारलीस आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलातून पानात बांधून आणलेल्या दोन गरम इडल्या हातात ठेवल्यास. मी म्हटलं, "नैवेद्य?" तू म्हणालीस, "देवीनं सांगितलंय, लहान पोरांनी आधी खायचं." त्यानंतर एकही शुक्रवार मी उपाशी राहिले नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की अण्णा बरे झाले त्या आनंदात तू नियम सैल केलास.

म्हणजे तुला माहीत होतं. अगं बाई, मग वीस वर्षं "विचारा हिला" म्हणत माझी मजा बघत होतीस की मी बोलेन म्हणून वाट बघत होतीस? आज तू समोर असतीस तर भांडले असते मी तुझ्याशी, कडकडून. आणि मग तुझ्या हातची कॉफी मागितली असती. पण ते जाऊ दे. संध्याकाळी मामीनं विचारलं की मी सगळं सांगणार आहे, लेकीच्या समोर, पळीसकट, फ्रॉकसकट, इडल्यांसकट. मीठ कुणी घातलं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

हे पत्र कुठे जाणार नाही, वाणसामानाच्या याद्यांखाली ड्रॉवरमध्ये राहील. पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही, आत्ता वरही नीट लिहिली नाही. मी मीठ बघायला आत गेलेच नव्हते. तिकडे अण्णांना आत नेत होते, तू फोनवर होतीस, आणि मला नुसती भूक लागली होती.